चेहऱ्यांचे जग आणि ते जपणारी संग्रहालये

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहराच्या हॅन्ली भागात पॉटरीज म्युझियम अँड आर्ट गॅलरी नावाचे संग्रहालय आहे. स्टॅफर्डशायर परगण्यात घडलेल्या मृत्पात्रांचा तेथील संग्रह हा या विषयातील सर्वांत मोलाच्या संग्रहांपैकी एक मानला जातो. बशा, चहादाण्या आणि सुरया यांच्या रांगांमध्ये तिथे एक निराळे पात्र दिसते. तिकोनी हॅट घातलेला, पोट सुटलेला, गुडघ्यावर बीअरचा पेला टेकवून बसलेला एक म्हातारा, आणि हा म्हाताराच मुळात बीअर ओतण्याचा जग! याला टोबी जग म्हणतात. माणसाची संपूर्ण आकृती असेल तर तो टोबी जग आणि केवळ डोके व खांदे असतील तर तो कॅरेक्टर जग, असा ढोबळ भेद संग्राहक आणि अभ्यासक करतात. या वस्तू फार महाग नव्हत्या, त्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या आणि घरांतल्या व दारूच्या गुत्त्यांतल्या फळ्यांवर मांडल्या गेल्या. म्हणूनच एखाद्या काळातील सामान्य माणूस कोणाला आपले मानत होता, कोणावर हसत होता आणि कोणाला मान देत होता, हे या जगवरून जितके स्पष्ट कळते तितके राजवाड्यांतल्या नाजूक पोर्सेलीनवरून कळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

टोबी जगचा उगम साधारणपणे १७६० च्या दशकात स्टॅफर्डशायरमध्ये झाला. स्टोक-ऑन-ट्रेंटच्याच बर्स्लेम भागातील राल्फ वूड या कुंभाराचे आणि त्याच्या घराण्याचे नाव या आरंभीच्या जगशी नेहमी जोडले जाते. मात्र त्या काळी फार थोड्या जगवर कारखान्याची खूण उमटवली जात असे. त्यामुळे अलीकडे संग्रहालयांच्या पाट्यांवर ‘राल्फ वूडचा जग’ असे न लिहिता ‘राल्फ वूड पद्धतीचा जग’ असे सावधपणे लिहिले जाते. टोबी या नावाविषयी दोन मते सांगितली जातात. काहींच्या मते ते शेक्सपिअरच्या नाटकातील मद्यप्रिय सर टोबीवरून आले. दुसरे मत असे की ते फ्रान्सिस फॉक्स यांच्या १७६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाण्यातील टोबी फिलपॉट या पात्रावरून आले. हा टोबी आयुष्यभर बीअर पितो, मरतो, जमिनीत त्याची माती होते आणि एक कुंभार त्याच मातीतून बीअरचा तपकिरी जग घडवतो. या गाण्याचा काळ आणि जगचा काळ इतका जुळतो की दुसरे मत मला अधिक पटते. शिवाय या टोबीची छापील चित्रेही पुढे लोकप्रिय झाली आणि त्यांतील बसण्याची ढब जगशी पुष्कळ मिळतीजुळती आहे.

या आकारात गंमत आहे तशी उपयुक्तताही आहे. तिकोनी हॅटची टोके म्हणजेच ओतण्यासाठी तयार मिळालेली चोच. हॅटचा मधला उंचवटा काही जगमध्ये सुटा असे, तो झाकण म्हणून बसवता येई. पाठीमागे धरण्यासाठी कान जोडलेला असे. आरंभीच्या जगवरील रंग हे खरे तर रंगीत झिलईचे असत. मँगनीजपासून तपकिरी व जांभळट, तांब्यापासून हिरवा, कोबाल्टपासून निळा आणि लोहापासून पिवळसर छटा मिळत. शिशाच्या झिलईत मिसळलेले हे रंग भट्टीत वितळून एकमेकांत ओघळत, आणि त्या ओघळांमुळे अंगरख्याला व चेहऱ्याला जो ओलसर मऊपणा येतो तो पुढच्या काळात झिलईवर दिल्या जाणाऱ्या घट्ट रंगांत सहसा आढळत नाही. जाणकाराची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

भांड्याला चेहरा देण्याची कल्पना अर्थातच स्टॅफर्डशायरची नव्हे. जर्मनीत कोलोन आणि फ्रेखेन येथे सोळाव्या व सतराव्या शतकांत गळ्यावर दाढीवाला चेहरा उठवलेल्या दगडी मातीच्या सुरया बनत आणि त्या इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर येत. पेरू देशातील प्राचीन मोचे संस्कृतीची मानवी चेहऱ्यांची पात्रे तर त्याहून कितीतरी जुनी आहेत. स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी नवे केले ते इतकेच की साच्याच्या साहाय्याने तोच चेहरा शेकडो वेळा काढून त्यांनी तो बाजारात आणला.

एकदा साचा हाती आल्यावर पात्रांना तोटा राहिला नाही. खलाशी, रात्रीचा पहारेकरी, झिंगलेला पाद्री, हडकुळा माणूस, ॲडमिरल हाव असे अनेक प्रकार निघाले. स्त्रियांचे जग मात्र फार थोडे होते आणि त्यांत मार्था गन हिचा जग सर्वांत प्रसिद्ध आहे. मार्था गन ही ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्रस्नानाला येणाऱ्या लोकांना पाण्यात उतरण्यास मदत करणारी बाई. ती १७२६ ते १८१५ या काळात होऊन गेली आणि युवराजांच्या मर्जीतली म्हणून ओळखली जाई. तिच्या जगवर हॅटच्या पुढच्या भागी युवराजांच्या चिन्हातील तीन पिसे दिसतात. समुद्रात उभे राहून कष्ट करणाऱ्या एका कामकरी बाईचा चेहरा लोकांनी पैसे देऊन विकत घेतला आणि घरात मांडला, ही गोष्ट मला ॲडमिरलच्या जगपेक्षा अधिक बोलकी वाटते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात या कलेला नवे वळण मिळाले. व्यंगचित्रकार फ्रान्सिस कॅरुथर्स गोल्ड यांनी विल्किन्सन या बर्स्लेमच्या कारखान्यासाठी मित्रराष्ट्रांच्या नेत्यांचे ११ टोबी जग तयार केले. त्यांत ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज, फ्रेंच सेनापती फॉश व जॉफ्र, ब्रिटिश सेनापती हेग, ब्रिटिश ॲडमिरल जेलिको, दक्षिण आफ्रिकेचे बोथा, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आणि खुद्द राजे पंचम जॉर्ज होते. लॉर्ड किचनरही होते. लॉर्ड कर्झनशी झालेल्या वादामुळे आणि १९०२ ते १९०९ या काळातील सरसेनापतिपदामुळे हे नाव भारतीय वाचकाला अपरिचित नाही. किचनरच्या हातातील जगवर ‘कैसरसाठी (म्हणजे जर्मन सम्राटासाठी) कडू’ अशा अर्थाची अक्षरे आहेत, आणि कडू बीअरच्या नावावर केलेला तो श्लेष त्या वेळच्या ग्राहकाला लगेच कळत असे. विनोदी म्हाताऱ्याच्या जागी आता सेनापती बसला, पण त्याच्या हाती बीअरचे भांडे तसेच राहिले.

आज जगभर संग्राहकांकडे जे कॅरेक्टर जग आढळतात त्यांतील बहुसंख्य रॉयल डॉल्टन या कारखान्याचे आहेत. डॉल्टनची सुरुवात १८१५ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात झाली. बर्स्लेमच्या नाइल स्ट्रीटवरील कारखान्यात हे घराणे १८७७ मध्ये शिरले आणि १९०१ मध्ये त्याला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. येथील कलाप्रमुख चार्ल्स नोक यांनी १९३४ मध्ये जॉन बार्लीकॉर्न हा पहिला कॅरेक्टर जग बाजारात आणला. जॉन बार्लीकॉर्न हा कोणी खरा माणूस नसून बार्ली या धान्याला आणि त्यापासून होणाऱ्या मद्याला लोकगीतांनी दिलेले मानवी रूप आहे. त्यापाठोपाठ ओल्ड चार्ली हा पहारेकरी, पार्सन ब्राउन हा पाद्री, दरोडेखोर डिक टर्पिन आणि डिकन्सच्या कादंबरीतील सुईण सेअरी गॅम्प असे जग आले. नोक यांच्यानंतर हॅरी फेंटन, मॅक्स हेंक, डेव्हिड बिग्ज अशा घडवणाऱ्यांनी ही परंपरा चालवली.

डॉल्टनच्या जगमध्ये खरी कल्पकता कानाच्या, म्हणजे जग धरण्याच्या मुठीच्या, घडणीत आहे, आणि नवख्या माणसाचे नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. केवळ डोके दाखवायचे म्हटले की माणसाची ओळख पटवण्यासाठी कलाकाराकडे चेहरा आणि टोपी एवढेच उरते. त्यामुळे उरलेली कथा कानात सांगण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. सेअरी गॅम्पचा कान म्हणजे तिची सुप्रसिद्ध छत्री. डिक टर्पिनच्या पहिल्या घडणीत कान पिस्तुलाचा होता, तर १९६० मध्ये आलेल्या दुसऱ्या घडणीत त्याच्या जागी घोड्याचे डोके आले. एकाच माणसाची १९३५ मधील आणि १९६० मधील ओळख अशी शेजारी ठेवून पाहता येते. दोन्ही घडणी एकाच कपाटात मांडणारे संग्रहालय पाहणाऱ्याला एका पाटीपेक्षा पुष्कळ अधिक सांगून जाते.

हे जग घडतात कसे, हे समजल्याशिवाय त्यांचा कस कळत नाही. आधी कलाकार मातीत मूळ प्रतिमा घडवतो. पक्का जग हवा त्या मापाचा यावा यासाठी ही प्रतिमा मोठी ठेवावी लागते, कारण सुकताना आणि भाजताना मिळून मातीची वस्तू सुमारे एक दशांशाने आकसते. मूळ प्रतिमेवरून प्लॅस्टरचा मुख्य साचा काढतात, त्यावरून साच्याचा साचा आणि त्यावरून रोजच्या कामाचे साचे. या क्रमामुळे मूळ प्रतिमेला धक्का न लावता कितीही साचे मिळतात. नंतर बॉल क्ले नावाची चिकट माती, कॉर्नवॉलची चिनी माती, गारगोटीची पूड आणि कॉर्निश दगडाची पूड पाण्यात कालवून आंबोळीच्या पिठाइतका सरसरीत घोळ करतात आणि तो साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी शोषून घेते, त्यामुळे साच्याच्या आतल्या बाजूला मातीचा थर धरतो. थर पुरेसा जाड झाला की उरलेला घोळ ओतून टाकतात, थोड्या वेळाने साचा उघडतात आणि आत पोकळ जग तयार मिळतो. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथली शीर खरवडून पुसावी लागते. वेगळा ओतलेला कान त्याच घोळाने चिकटवावा लागतो. पहिल्या भाजणीसाठी भट्टी साधारण ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, दुसरी भाजणी झिलईसाठी असते, आणि झिलईवर आणखी रंग द्यायचे असतील तर ७५० ते ८०० अंशांची तिसरी. प्रत्येक भाजणीत काही जग तडकतात वा वाकडे होतात.

प्लॅस्टरचा साचा फार दिवस टिकत नाही. काही डझन ओतण्यांनंतर त्याच्या कडा बोथट होऊ लागतात, भुवयांच्या रेषा आणि ओठांचे कोपरे पुसट होतात आणि तो साचा टाकून द्यावा लागतो. म्हणून एकाच नमुन्याचे दोन जग शेजारी ठेवले तर एकाचा चेहरा सतेज आणि दुसऱ्याचा झोपाळलेला दिसू शकतो. त्यावर रंगकाम हाताने होते आणि ते मुख्यतः स्त्रिया करत. डोळ्यातील एक पांढरा ठिपका किंचित खाली सरकला तरी माणसाचा स्वभाव बदलतो, त्यामुळे साच्याची वस्तू असूनही प्रत्येक जगचा चेहरा थोडा वेगळाच असतो. संग्रहालयांच्या नोंदींत घडवणाऱ्याचे नाव असते, पण रंगवणारीचे बहुधा नसते. हा अन्याय मला खटकतो, कारण पाहणाऱ्याला भिडतो तो तिच्याच हातचा रंग.

डॉल्टनचे जग मुख्यतः चार मापांत येत. मोठा साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंचीचा, लहान सुमारे १० सेंटिमीटरचा, मिनिएचर सुमारे ६ सेंटिमीटरचा आणि अगदी इवला सुमारे ३ सेंटिमीटरचा. जग उलटा करून तळ पाहिला की मुकुटावर उभा असलेला सिंह ही कारखान्याची मुद्रा दिसते, आणि पुष्कळदा जगचे नाव व ‘डी’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांकही असतो. जॉन बार्लीकॉर्नचा क्रमांक डी ५३२७ आहे, मोठ्या सेअरी गॅम्पचा डी ५४५१. मुद्रेवर ओरखडा काढलेला असेल किंवा तिथे बारीक छिद्र पाडलेले असेल तर तो जग कारखान्याने दुय्यम प्रतीचा ठरवून विकलेला असतो. अठराव्या शतकातील टोबीच्या बाबतीत इतक्या सोप्या खुणा मिळत नाहीत. तिथे वजन, तळाची घडण, झिलईचा ओघळ आणि आतल्या बाजूचे काम पाहावे लागते, कारण या जुन्या नमुन्यांच्या नकला एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत भरपूर निघाल्या. तुटलेली हॅट किंवा कान जोडून वरून रंग दिला असेल तर अतिनील दिव्याखाली तो भाग वेगळा चमकतो, आणि संग्रहालयातील परीक्षणात ही साधी चाचणी नेहमी उपयोगी पडते.

दुसऱ्या महायुद्धातील एक जग स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. १९४० मध्ये नोक यांनी विन्स्टन चर्चिल यांचा दोन कानांचा, जवळजवळ पूर्ण पांढरा जग घडवला. बॅटल ऑफ ब्रिटन, म्हणजे ब्रिटनवरील जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धची लढाई, चालू असताना एका महान नेत्याला वाहिलेला मान म्हणून हे पात्र केल्याचे त्याच्या तळावर लिहिले आहे. तो थोड्याच काळात बंद झाला आणि म्हणूनच आज दुर्मीळ आहे. १९४२ पासून ब्रिटनमध्ये देशांतर्गत विक्रीसाठी सजावटीच्या मृत्पात्रांवर बंदी आली आणि ती १९५२ पर्यंत टिकली. त्या वर्षांत ब्रिटिश घरांना दुकानात पांढरी, बिनरंगी भांडीच मिळत. १९५० च्या दशकात रंगीत चेहऱ्यांच्या जगना घराघरांतून जी मागणी आली तिचे कारण बरेचसे या दहा वर्षांच्या फिकेपणात आहे, असे मला वाटते.

या वस्तू संग्रहालयात आल्या त्या प्रामुख्याने खाजगी संग्राहकांमुळे. ब्रायटनमधील धनाढ्य बीअर-उत्पादक हेन्री विलेट यांची धारणा अशी होती की देशाचा इतिहास घरगुती भांड्यांवरून पुष्कळ अंशी वाचता येतो. त्यांनी जमवलेली सुमारे २००० मृत्पात्रे १९०३ मध्ये ब्रायटनच्या संग्रहालयाला दिली, आणि त्यांची मांडणी कारखान्यांनुसार न करता राजकारण, युद्ध, धर्म, खेळ, मद्यपान अशी विषयवार केली होती. ही मांडणी मला आजही अनुकरणीय वाटते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील इंग्रजी मृत्पात्रांचा मोठा भाग गणिती जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर यांनी १९२८ मध्ये मृत्युपत्राने दिलेला आहे. मराठी वाचकाला येथे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवेल. दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत रोजच्या वापरातील वस्तू एका माणसाने चिकाटीने जमवल्या आणि अखेर सार्वजनिक संस्थेच्या हवाली केल्या, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे तर केवळ टोबी व कॅरेक्टर जगना वाहिलेले संग्रहालय असून त्यात ८००० हून अधिक जग आहेत.

स्थानिक संग्रहालयाचे बळ मात्र संख्येत नसते. हॅन्लीच्या संग्रहालयात ‘ऑझी’ नावाचे साधारण १७०० च्या सुमाराचे एक घुबड आहे. पातळ मातीच्या रेघांनी सजवलेल्या या जगचे डोके उचलले की त्याचा पेला होतो. १९९० मध्ये एका कुटुंबाने ते दूरचित्रवाणीवरील जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात आणले, त्याची किंमत २०,००० पौंडांच्या घरात सांगितली गेली आणि संग्रहालयाने ते विकत घेतले. ते ज्या मातीतून आणि ज्या हातांतून निघाले त्याच परिसरात राहिले, हे महत्त्वाचे. तिथून थोड्या अंतरावर लाँग्टनला ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्ट्यांत आत जाऊन उभे राहता येते. एके काळी या शहरात अशा २००० हून अधिक भट्ट्या होत्या, आज ५० च्या आतबाहेर उरल्या आहेत. मिडलपोर्ट येथील कारखान्यात हजारो जुने साचे फळ्यांवर जपून ठेवले आहेत. जग, भट्टी आणि साचा या तिन्ही गोष्टी एका दिवसात पाहता येतील असे ठिकाण दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

कारखान्यांची स्वतःची संग्रहालये तितकी सुरक्षित नसतात. मिंटन कारखान्याचा संग्रह २००२ मध्ये लिलावात विखुरला. वेजवुड या दुसऱ्या मृत्पात्र-कारखान्याचा ८०,००० वस्तूंचा संग्रह मूळ कंपनी बुडाल्यावर निवृत्तिवेतन निधीची देणी भागवण्यासाठी विकला जाण्याची वेळ आली होती, तो २०१४ मध्ये १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे करून वाचवण्यात आला. डॉल्टनचा नाइल स्ट्रीटवरील कारखाना २००५ मध्ये बंद पडला, आणि त्यानंतर बर्स्लेममध्ये जे काही जपले जाते त्याची जबाबदारी बहुतांशी सार्वजनिक संग्रहालयांवर आली.

या संग्रहालयांपुढे आज वेगळाच पेच आहे. १९७० ते १९९० च्या दशकांत ज्यांनी उत्साहाने जग जमवले ती पिढी आता वृद्ध झाली आहे किंवा उरली नाही, त्यांच्या मुलांना घरात इतके चेहरे नको आहेत, आणि साध्या नमुन्यांच्या किमती पार उतरल्या आहेत. परिणामी वारसदार भरलेली खोकी घेऊन संग्रहालयाकडे येतात, आणि संग्रहालयाला बहुतेकांना नम्रपणे नकार द्यावा लागतो, कारण तोच नमुना आधीच कोठारात असतो. मग घ्यायचे काय? दुर्मीळपणा हा एक निकष आहे, पण तो एकमेव नसावा. एखादा साधा ओल्ड चार्ली जर नाइल स्ट्रीटवर रंगकाम करणाऱ्या बाईने निवृत्त होताना भेट म्हणून मिळवला असेल आणि तिचे नाव, वर्ष, कामाचा विभाग ही माहिती सोबत असेल, तर तो जग निनावी दुर्मीळ जगपेक्षा त्या शहराच्या संग्रहालयासाठी अधिक मोलाचा आहे.

काही चेहऱ्यांबाबत पाटी लिहिताना अधिक विचार लागतो. १९६७ मध्ये कॅनडाच्या शताब्दीनिमित्त डॉल्टनने लाकूडतोड्या, फासेपारधी आणि उत्तर अमेरिकेतील आदिवासी असे तीन जग काढले. पहिले दोन व्यवसाय आहेत, तिसरा मात्र अनेक स्वतंत्र समाजांना मिळून दिलेला एकच ठोकळेबाज चेहरा आहे. असा जग कपाटातून काढून टाकण्यापेक्षा तो ठेवून हा फरक पाटीवर स्पष्ट लिहावा, हे मला अधिक योग्य वाटते. त्याच्याशी ताडून पाहण्यासारखी पात्रे अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाच्या एजफील्ड भागात आहेत. १८५० आणि १८६० च्या दशकांत तिथल्या गुलाम कृष्णवर्णीय कुंभारांनी चेहऱ्यांचे जग घडवले आणि त्यांचे डोळे व दात पांढऱ्या केओलिन मातीचे बसवले. ही पात्रे दुकानात विकण्यासाठी नव्हे तर बहुधा स्वतःच्या समाजासाठी, कदाचित धार्मिक विधींसाठी केलेली असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२२ मध्ये या कुंभारांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. स्टॅफर्डशायरच्या जगमध्ये चेहरा दुसऱ्याचा असतो आणि तो विकत घेणाऱ्याच्या करमणुकीसाठी असतो. एजफील्डमध्ये घडवणारा आणि चेहरा एकाच समाजाचे होते.

बर्स्लेममध्ये नाइल स्ट्रीटच्या कारखान्यात ओतकाम, जोडकाम आणि रंगकाम केलेली माणसे अजून हयात आहेत. कोणत्या चेहऱ्यावर कोणता रंग आधी चढे, कोणता कान भट्टीत हमखास निखळे, एका पाळीत किती जग रंगवावे लागत आणि त्याचे पैसे कसे मोजले जात, याची उत्तरे त्यांच्याकडेच आहेत. ती ध्वनिमुद्रित करून त्या त्या जगच्या नोंदीला जोडणे हे काम, माझ्या मते, आणखी एक दुर्मीळ चर्चिल विकत घेण्याच्या आधी व्हायला हवे.